तुरमली राख ओढते का, घरी कसं बघायचं

तुरमली या रत्नखड्याला (इंग्रजीत टूर्मलिन) डच लोक पूर्वी 'आसट्रेकर' म्हणायचे. आस म्हणजे राख, ट्रेकर म्हणजे ओढणारा. आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या सराफ गल्लीत नाव पाडलं असतं तर 'राखओढ्या'च पडलं असतं. १७०३ च्या सुमारास डच व्यापाऱ्यांनी हा खडा श्रीलंकेहून हॉलंडला नेला. तापला की राख खेचतोय हे कळल्यावर तिकडचे लोक पाइपातली राख काढायला तो वापरू लागले. आता डच भाषेत 'तूरमालाइन' चालतं. ते सिंहलीतल्या 'तोरमल्ली'वरून आलंय, आणि आपली तुरमली त्याच घरातली.

मी खडे बसवायचं काम करतो. गिऱ्हाईक विचारतं, "खरंच ओढतंय काय हो?" म्हटलं, घरी करून बघा की.

खडा खुला हवा. अंगठीत बसवलेला नको, सोन्याचांदीतून विजेचा भार निघून जातो. पैलू न पाडलेला लांबट स्फटिक मिळाला तर उत्तमच. दिवस कोरडे बघा. पावसाळ्यात बेळगावची हवा इतकी ओली असते की राख हलायचीच नाही.

उदबत्तीची राख कागदावर बोटानं अगदी बारीक करा आणि पंखा बंद करा. खडा फडक्यानं घासू नका. घासल्यावर काचसुद्धा कपटे ओढते, मग फरक काय कळणार? कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यात धरून तो जुन्या पिवळ्या बल्बजवळ हळूहळू तापवा. गॅसवर नको, एकदम तापला की तडकतो. हाताला चांगला गरम लागला की राखेवर अगदी जवळ आणा, टेकवू नका. राखेचे कण उडी मारून टोकांना चिकटतात, काही चिकटून परत उडतात. मधल्या भागाकडे फारसे जात नाहीत.

कारण, तापमान बदलताना तुरमलीच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण भार येतो. हा खेळ विजेचा आहे, हे एपिनुस या जर्मन शास्त्रज्ञानं १७५६ मध्ये दाखवलं. गार होतानाही ओढते, फक्त टोकांचे भार उलटतात. म्हणून बल्बपासून बाजूला घेतल्यावर लगेच सोडू नका, आणखी थोडं बघा.

पण एवढ्यावरून खडा विकत घेऊ नका हं. टोपाझचा खडाही थोडीफार ओढ दाखवतो. खात्री करायची तर प्रयोगशाळेचा कागद मागा. राख धुवायला कोमट साबणपाणी पुरे. खडे-दागिने साफ करायच्या अल्ट्रासोनिक मशीनमध्ये तुरमली टाकू नका.