बर्फातली पहिली सहल: थंडीच्या आधी ओल सांभाळा

हिवाळ्यात पहिल्यांदाच डोंगरात निघालेला शहरी माणूस आधी घरातलं सगळ्यात जाड जॅकेट बाहेर काढतो. आत रोजचा सुती टी-शर्ट, खाली जीन्स. गाडीतून उतरून २० मिनिटं चढण चढली की पाठ घामाने चिंब. वर पोहोचल्यावर फोटोसाठी थांबतो, उकडतंय म्हणून जॅकेटची चेन उघडतो, आणि पाचच मिनिटांत दात वाजायला लागतात. तेवढ्यात हवा काही गार झालेली नसते. ओलं कापड अंगाला चिकटलेलं असतं, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. बर्फाळ डोंगराची बरीचशी तयारी ही ओल टाळण्याची तयारी असते: घामाची, वितळलेल्या बर्फाची आणि श्वासातल्या वाफेची.

आधी आकडे

हवामानाचा अंदाज पायथ्याच्या गावाचा पाहून चालत नाही. दर १००० मीटर उंचीला तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरतं. पायथा १२०० मीटरवर असेल, तिथे २ अंश असतील आणि तुम्ही २७०० मीटरवर जाणार असाल, तर वर उणे ८ धरून चाला. वारा वेगळा मोजा: उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असला की उघड्या कातडीला उणे २० सारखं लागतं. उलटा प्रकारही होतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जड गार हवा दरीत साचते आणि खालचं गाव वरच्या उतारापेक्षा जास्त गारठतं.

नवख्याला सगळ्यात फसवं तापमान मात्र शून्याच्या आसपासचं. उणे १५ ला बर्फ कोरडा असतो, कपड्यावरून झटकला की पडतो. शून्याजवळ तोच बर्फ अंगावर पडताच विरघळतो आणि दुपारपर्यंत सगळं सामान दमट होतं. अंदाजात १, ० किंवा उणे १ दिसलं तर कपड्यांचा जादा जोड आणि पाणी न शिरणारं बाहेरचं जॅकेट हवंच.

कपडे: कधी काढायचे ते आधी शिका

तीन थर लागतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं. अंगाला लागून मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं घट्ट बसणारं थर्मल. ते घाम बाहेर ढकलतं. मधे फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कापडाचं जॅकेट; ते ऊब धरतं. सगळ्यात वर टोपी असलेलं, वारा आणि पाणी अडवणारं पातळ जॅकेट. याशिवाय चौथं एक पिसांचं किंवा सिंथेटिक भरणाचं फुगीर जॅकेट पाठीवरच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवायचं. ते चालताना घालायचं नाही, थांबल्यावर घालायचं. म्हणून ते एक माप मोठं घ्या, म्हणजे बाकीचे थर न काढता वरून चढवता येतं. पिसं भिजली की गोळा होतात आणि ऊब संपते. ओलसर हवेत सिंथेटिक भरण जास्त भरवशाचं.

सुती बनियन, सुती मोजे, जीन्स हे सगळं खोलीतच राहू द्या. सूत पाणी धरून ठेवतं आणि थंडीत लवकर वाळत नाही. सुती अंतर्वस्त्रांचा तर सगळ्यांनाच विसर पडतो. वरचं सगळं सामान महागातलं आणि आत ओला सुती पट्टा, ही अगदी नेहमीची चूक.

चालायला लागताना थोडी थंडी वाजली पाहिजे. निघतानाच उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झाला. दहा मिनिटं चालून थांबा, कपाळावर किंवा पाठीवर ओल जाणवली की लगेच एक थर उतरवा. सगळ्यांना थांबवायचा संकोच वाटतो आणि तिथेच घाम धरतो. थांबा घेतल्यावर क्रम उलटा: आधी फुगीर जॅकेट अंगावर, मग पाणी, खाणं, फोटो. थंडी वाजेपर्यंत वाट पाहिलीत तर गेलेली ऊब परत यायला फार वेळ लागतो.

हातांसाठी पातळ आतले ग्लव्ह्ज आणि वरून चारही बोटं एकत्र राहणारे जाड मिटन. बोटं एकमेकांना ऊब देतात, त्यामुळे पाच बोटांच्या जाड ग्लव्ह्जपेक्षा मिटन उबदार. एक जोड जादा ठेवा. वाऱ्यात उडालेला ग्लव्ह परत मिळत नाही. निघण्याआधी घरी एक तालीम करा: मिटन घालून जॅकेटची चेन ओढा, बुटाची नाडी बांधा, बाटली उघडा, टॉर्च लावा. जे जमणार नाही त्याला तिथेच सुतळीचा छोटा फासा बांधा. डोंगरात प्रत्येक वेळी हात उघडे करावे लागले की दुपारपर्यंत बोटं कामातून जातात.

पाय

बुटांची परीक्षा संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. जे जाड मोजे घालणार तेच घालून, नाडी सैल ठेवून पाय पुढे सरकवा. बोटं पुढे टेकली की टाचेमागे तुमचं एक बोट सहज उतरलं पाहिजे. मग टाच मागे दाबून नाडी बांधा आणि पायाची बोटं हलवून पाहा. हलत नसतील तर बूट कितीही भारी असोत, पाय गारठणार, कारण रक्त पुढे पोहोचत नाही आणि ऊब धरणारी हवाही आत राहत नाही. मोज्यांवर मोजे चढवले की नेमकं हेच होतं. एकच जाड लोकरीचा जोड पुरे, दुसरा कोरडा बॅगेत, आणि तिसरा फक्त झोपताना.

बर्फ बुटात वरून शिरतो. बुटाचं तोंड झाकणारे, गुडघ्याखाली बांधायचे गेटर असतील तर उत्तम, नाहीतर पॅन्टचा काठ बुटाच्या बाहेर ठेवा, आत खोचू नका. मुक्कामी पोहोचताच बुटातले आतले तळवे काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि तासाभराने बदला. हीटरला टेकवून ठेवलेल्या बुटाचा डिंक सुटतो, चामडं तडकतं, आणि दुसऱ्या दिवशी तळवा हातात येतो.

दाबल्या गेलेल्या, काचेसारख्या बर्फावर पावलं छोटी टाका, गुडघे किंचित वाकवा, अंगाचा भार पुढच्या पायावर आणि तळवा पूर्ण टेकलेला. हात खिशात नकोत. घसरण होते ती बहुधा उतरताना, आणि बुटांवर ओढून बसवायचे मायक्रोस्पाइक, म्हणजे तळाला छोटे लोखंडी दात असलेले पट्टे, बॅगेतच पडलेले असताना. ते घसरण्याआधी, सपाटीवर उभं राहून चढवायचे असतात.

उजेड, ऊन, बॅटरी

दरीत सूर्य वेळापत्रकापेक्षा लवकर मावळतो, कारण तो आधी कड्यामागे जातो, आणि सावली पडताच गारठा एकदम चढतो. दुपारी मऊ झालेला बर्फ पुन्हा कडक होतो. त्यामुळे परत फिरायची वेळ सकाळीच ठरवा. शिखर किंवा पॉइंट दिसत असला तरी त्या वेळेला वळा. टॉर्च दिवसाच्या फेरीतही हवा.

ताजा बर्फ स्वतःवर पडणाऱ्या अतिनील किरणांतले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि उंचीबरोबर ते किरण दर १००० मीटरला साधारण १० टक्क्यांनी वाढतात. सनस्क्रीन हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आणि कानांच्या खालच्या बाजूलाही लावा. उन्हाचा चष्मा कॅटेगरी ३ किंवा ४ चा (हा काचेच्या गडदपणाचा क्रमांक), कडेने झाकलेला. ४ चा चष्मा गाडी चालवताना वापरायचा नाही. डोळे भाजले तर ते काही तासांनी, रात्रीच्या सुमाराला कळतं: डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं आणि उजेड सहन होत नाही.

फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. थंडीत ३० टक्के दाखवणारी बॅटरी एकदम मरते. ती संपलेली नसते, ऊब मिळाली की बरीचशी परत येते. मात्र शून्याखाली गारठलेला फोन किंवा पॉवर बँक चार्जिंगला लावू नका, लिथियमच्या बॅटरीचं त्याने कायमचं नुकसान होतं. कॅमेरा बाहेरून खोलीत आणण्याआधी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि तो खोलीइतका गरम झाल्यावर पिशवी उघडा. नाहीतर खोलीतली वाफ लेन्सच्या आत जाऊन बसते.

पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे तोंडाकडे पाणी राहतं. नळीवाली पिशवी थंडीत निरुपयोगी. नळी आधी गोठते.

गाडी

थंडीत टायरचा दाब दर ५ ते ६ अंशांना साधारण १ पीएसआयने उतरतो, म्हणून वर गेल्यावर पुन्हा मोजा. काच धुवायच्या टाकीत साधं पाणी नको, गोठतं. डिझेल गाडी असेल तर डोंगराच्या जवळ येऊन टाकी भरा. थंड प्रदेशात हिवाळी डिझेल मिळतं, शहरातलं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं घट्ट होऊन फिल्टर तुंबवतं. चाकांच्या साखळ्या इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांनाच लावायच्या. दोन-तीनदा घरासमोर, ग्लव्ह्ज घालून लावून पाहा. लावल्यावर थोडं अंतर जाऊन थांबा आणि पुन्हा ताणून घ्या. सैल साखळी चाकाच्या कमानीवर आपटत राहते.

सकाळी पुलावर आणि सावलीतल्या वळणावर पारदर्शक बर्फाची पापडी असते. रस्ता नुसता ओला दिसतो, पण टायरचा आवाज एकदम कमी झाला तर समजा तीच आहे. ब्रेक दाबू नका, पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद उचला, स्टिअरिंग सरळ. रात्री गाडी हँडब्रेकवर न ठेवता सपाट जागी गिअरमध्ये ठेवा, चाकांमागे दगड द्या, वायपर काचेवरून उचलून ठेवा. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवावं लागलं तर आधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढा. ते बुजलं की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो.

रात्र

तोच वायू खोलीतही जीव घेतो. कोळशाची शेगडी किंवा गॅसचा स्टोव्ह बंद खोलीत, तंबूत पेटता ठेवून झोपू नका. वास येत नाही. डोकेदुखी, मळमळ, गुंगी अशा खुणा असतात आणि त्या थकव्यासारख्या वाटतात.

झोपायला दिवसाचे कपडे नकोत, अगदी कोरडे वाटले तरी. कोरड्या थर्मलचा जोड, कोरडे मोजे, टोपी. तंबूत असाल तर अंगावरच्या पांघरुणाइतकीच अंगाखालची चटई महत्त्वाची, कारण जमीन रात्रभर ऊब ओढते. स्लीपिंग बॅगेत तोंड खुपसून श्वास सोडू नका, सकाळपर्यंत आत दव धरतं. घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवा. लघवीला जायचं टाळत पडून राहण्याने फक्त झोप जाते. उठून जाऊन या.

केव्हा थांबायचं

गालावर, नाकावर, बोटांवर पांढुरका बधिर डाग दिसला तर ती हिमदंशाची सुरुवात. जोडीदाराने जोडीदाराचा चेहरा दर अर्ध्या तासाने पाहायचा, स्वतःला कळत नाही. चोळू नका, बर्फ तर मुळीच चोळू नका. हात काखेत, गालावर कोरडा तळहात. रंग आणि संवेदना लवकर परत आली नाही तर खाली उतरा आणि डॉक्टर गाठा.

चेन लावता येत नाही, शब्द अडखळतात, पाय लडखडतात, माणूस चिडचिडा किंवा गप्प होतो: अंग आतून गार पडतंय. वाऱ्याच्या आड न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, अंगाखाली बॅग किंवा चटई द्या, शुद्ध पक्की असेल तरच गरम गोड पेय पाजा. दारू नको, तिने कातडीकडे रक्त जाऊन ऊब आणखी निसटते. कुडकुडणारा माणूस बरा न होताच कुडकुडायचा थांबला तर मदत मागवा.

२५०० मीटरच्या वर एकाच दिवसात गाडीने पोहोचलात की पहिली रात्र निवांत राहा, आणि ३००० च्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नका. डोकं दुखून मळमळ झाली की तो उंचीचा त्रास समजा आणि वर जाणं बंद. बसल्या जागी धाप लागली किंवा सरळ रेषेत चालता येईना तर रात्र असो की पहाट, खाली उतरायचं.

हिमकडा, म्हणजे उतारावरून घसरून कोसळणारा बर्फ, बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटतो, आणि मोठ्या हिमवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस सगळ्यात वाईट. पहिल्या सहलीत अशा उतारावर जायचं नाही, त्याच्या खाली जेवायलाही बसायचं नाही. जिथे हिमकड्यांचा १ ते ५ पातळ्यांचा इशारा मिळतो तिथे ३ असला तरी मोकळे उतार सोडून द्या. पायाखाली बर्फ धप्पकन दबल्याचा आवाज आला की आलेल्या पावलांवरून मागे फिरा.

घरी आल्यावर

बॅग त्याच संध्याकाळी रिकामी करा. फुगीर जॅकेट आणि स्लीपिंग बॅग हाताला कोरडी लागली तरी दोन दिवस टांगून ठेवा, मग मोठ्या सैल पिशवीत भरा. घट्ट दाबलेल्या पिशवीत पिसं बसतात आणि पुढच्या वर्षी फुगत नाहीत. साखळ्या धुऊन, वाळवून तेलाचा हात द्या. ज्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात तिथून आला असाल तर गाडीची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा आणि बुटांवरचे पांढरे ओघळ ओल्या फडक्याने पुसा.