बद्धकोष्ठतेवरच्या बिसाकोडिल गोळीने पोटात मुरडा येत होता, पोट साफ होत नव्हतं: चूक दुधाची होती

लक्षण: चार दिवस शौचाला नाही, झालीच तर खडा. इसबगोल अर्ध्या कप पाण्यात घेतलं, पोट आणखी गच्च झालं. इसबगोलला भरपूर पाणी लागतं. मग बिसाकोडिलची ५ मिलीग्रॅमची गोळी रात्री गरम दुधाबरोबर घेतली. पहाटे नुसत्या कळा. वैताग आला.

या गोळीवरचं आवरण आतड्यात विरघळण्यासाठी असतं. दूध किंवा अ‍ॅसिडिटीचं औषध जठरातलं आम्ल कमी करतं, आवरण तिथेच सुटतं आणि मुरडा येतो. गोळी चावली किंवा कुटली तरी तेच.

जमलं ते असं: जेवणानंतर दूध नाही, अ‍ॅसिडिटीची गोळी नाही, दोन्हींपासून किमान एक तासाचं अंतर. रात्री साडेनऊला एकच गोळी, अख्खी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. परिणाम ६ ते १२ तासांत, म्हणजे पहाटे साडेतीन ते सकाळी साडेनऊ. ठाण्याहून सकाळची लोकल असेल तर शनिवारची रात्र निवडा. गर्दीत कळ आली की पंचाईत. उठल्यावर कोमट पाणी, नाश्ता, मग दहा मिनिटं पायाखाली पाट घेऊन बसणं.

गोळीने पोट साफ झाल्यावर दुसऱ्या दिवशी शौचाला झालं नाही तर लगेच पुन्हा गोळी नको. आतडं रिकामं असतं, भरायला वेळ लागतो. इथेच सवय लागू शकते.

सलग पाच दिवसांवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. उलट्या, तीव्र पोटदुखी, गॅसही न सरणं किंवा रक्त दिसल्यास गोळी घ्यायचीच नाही, थेट दवाखाना. गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी आधी डॉक्टर.