थायरॉईडची गोळी गावाकडे स्वस्तात आणि खात्रीची कशी मिळवावी

थायरॉईडची गोळी बहुतेकांना जन्मभर घ्यावी लागते, म्हणून लोक आधी पैशालाच घाबरतात. पण गोळी तशी महाग नाहीच. ही गोळी म्हणजे थायरॉक्सिन (थायरॉईड कमी पडतो त्यांना देतात ती), सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि २५, ५०, १०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांची कमाल किंमत सरकारच ठरवून देते. महाग पडते ती तालुक्याची चक्कर, बुडालेली मजुरी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे "आता बरं वाटून राहिलं" म्हणून बंद केलेली गोळी, कारण मग टीएसएच (रक्त तपासणीतला आकडा, थायरॉईड कमी पडला की तो वाढतो) वर जातो, अंग जड पडते, पाळी बिघडते आणि डॉक्टर-तपासण्यांचा खर्च पुन्हा पहिल्यापासून. म्हणून स्वस्त नक्की शोधा, पण त्याहून जास्त हे पाहा की गोळीत खंड पडू नये.

पहिलं काम चिठ्ठीचं. डॉक्टरांना सांगा की ब्रँडसोबत औषधाचं नावही लिहून द्या, लेव्होथायरॉक्सिन सोडियम (थायरॉक्सिनचंच पूर्ण नाव), आणि किती मायक्रोग्रॅम ते स्पष्ट अक्षरात. चिठ्ठीवर ८८ किंवा ११२ असा आकडा असेल तर तेव्हाच विचारून घ्या की २५, ५०, १०० मध्ये बसवता येईल का, कारण असे आकडे छोट्या गावात सहजी भेटत नाहीत. ७५ चा डोस ५० आणि २५ मिळून होतो. पण हा हिशोब डॉक्टरांनी करायचा, आपण घरी नाही.

मग आधी सरकारी दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून (पीएचसी) जिल्हा रुग्णालयापर्यंत, केस पेपर, तपासणी, औषध मोफत आहे (मेडिकल कॉलेज त्यात येत नाही). पीएचसीत ही गोळी नेहमी असेलच असं नाही, म्हणून जाण्याआधी आशाताईला सांगून विचारून घ्या, नसेल तर ग्रामीण रुग्णालयात पाहा. टीएसएचसाठी रक्त कुठं घेतात हेही तिलाच विचारा, खाजगी लॅबचे पैसे वाचतात.

तिथं नाही भेटली तर जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान. फोनवर 'जनऔषधी सुगम' ॲप टाका, जवळचं केंद्र आणि गोळीचा भाव दोन्ही त्यात दिसते. वर्धेकडचे असाल तर सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलात जेनेरिक औषधं कमी भावात देण्याची सोय कित्येक वर्षांपासून आहे. आणि एसटीत बायांना अर्धं तिकीट, ७५ च्या वरच्यांना फुकट, तेव्हा घरातून कोण जाईल ते त्या हिशोबानं ठरवा. डॉक्टर हो म्हणत असतील तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदमच आणा, आणि पंधरा दिवसांच्या उरल्या की पुढच्या आणायला निघा, पेरणीच्या दिवसांत किंवा कापूस वेचणीत कोणाला सवड नसते.

मेडिकलमधून घेताना बिल घ्याच. बाटलीवरचा बॅच नंबर, एक्सपायरी आणि मायक्रोग्रॅम बिलाशी आणि चिठ्ठीशी जुळवून पाहा. २०२३ मध्ये एका ब्रँडच्या २५ च्या एका बॅचवर लेबलच चुकलं होतं, कंपनीला माल बाजारातून परत घ्यावा लागला. गोळीचा रंग-आकार मागच्यापेक्षा वेगळा दिसला तर खाण्याआधी दुकानदाराला दाखवा. सील तुटलेली बाटली, कागदाच्या पुडीत सुट्या दिलेल्या गोळ्या, "थायरॉईड मुळापासून घालवतो" म्हणून विकलेलं चूर्ण, यातलं काहीच नको. शेजारणीची उरलेली गोळीही नको, तिचा डोस वेगळा असतो आणि जास्त झाली तर छातीत धडधड होते.

कंपनी एकदा ठरली की दर महिन्याला बदलू नका. ब्रँडवरून जनऔषधीवर यायला काहीच हरकत नाही, फक्त डॉक्टरांना सांगा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा, त्याआधी केला तर खरा आकडा कळत नाही. रिपोर्ट नीट आला की मग तीच गोळी पुढं चालू ठेवा.

घरी आणल्यावर उन्हाळ्याचं बघा. आपल्याकडं विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि टिनाच्या खोलीत खिडकीवर ठेवलेली गोळी तोवर खराब झालेली असू शकते. माठापासून आणि चुलीपासून दूर, आतल्या खोलीतल्या पेटीत ठेवा, झाकण घट्ट, आणि आतली ओल शोषणारी छोटी पुडी फेकू नका. सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्या, चहा अर्ध्या-एक तासानं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या किमान चार तासांनी, नाहीतर थायरॉईडची गोळी पुरती अंगी लागत नाही आणि पैसे वाया.

दिवस राहिले असं वाटलं तर गोळी अजिबात बंद करू नका, काहून की बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीला आईच्याच हार्मोनवर होते. उलट बऱ्याच जणींचा डोस वाढवावा लागतो, म्हणून पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दवाखान्यात जा, आणि अंगणवाडीत लोहाची गोळी देतील ती दुपारच्या जेवणानंतर घ्या.