लाइव्ह वर्गात आवाज तुटतो? या चुका टाळा

"सर, आवाज तुटतोय" असं चॅटमध्ये आलं की लोक लगेच मोठा प्लॅन घेतात. कृपा करून थांबा. जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो, शिकवणाऱ्याला लागतो अपलोड.

आणि अपलोड पुरेसा असूनही वर्ग कोलमडतो. एका कॉलेजात गणिताच्या मॅडमचा वर्ग रोज साडेदहाला अडखळायचा. स्पीड टेस्ट उत्तम, वायर नवी, तरी दोनदा प्लॅन वाढवून झाला होता. शेवटी मी वर्ग चालू असताना शेजारी बसलो आणि पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) लावून ठेवला. ३० मिलिसेकंदांवर शांत असलेला आकडा साडेदहाला एकदम ९०० वर गेला. ऑफिसातून स्कॅन केलेले प्रवेशअर्ज त्याच वेळी क्लाउडवर चढत होते. राउटरच्या बफरमध्ये, म्हणजे डेटा थांबून राहतो तिथे, त्या फायलींची रांग, आणि मॅडमचा आवाज रांगेच्या शेवटी! फायलींचा हा बॅकअप रात्री अकराला लावला, राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग वाढू न देणारी सोय) चालू करून तिची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या अपलोडच्या ८५ टक्क्यांवर ठेवली. त्या दिवसापासून तक्रार नाही. म्हणून आदल्या रात्रीच्या टेस्टवर विसंबू नका, वर्ग चालू असतानाच मोजा. घाईत असलेल्यांना हे पटत नाही, पण दुसरा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

तितकीच चीड आणणारी चूक म्हणजे फायरवॉलवर यूडीपी (डेटाचा तुकडा हरवला तरी न थांबता पुढचा पाठवणारी पद्धत) सरसकट बंद ठेवणं. मग सॉफ्टवेअर निमूटपणे ४४३ पोर्टच्या टीसीपीवर, म्हणजे वेबसाइटच्या नेहमीच्या वाटेवर, जातं. वर्ग सुरू होतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. पण टीसीपी हरवलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) परत मिळेपर्यंत मागचं सगळं अडवून धरतो. बोलण्यातलं एखादं अक्षर गळलं तरी मुलांना अर्थ लागतो, दोन सेकंद उशिरा आलेल्या अक्षराचा मात्र काही उपयोग नाही. सॉफ्टवेअरवाल्यांची पोर्टची यादी घेऊन नेटवर्क सांभाळणाऱ्याकडे जा आणि ती उघडून घेतल्याशिवाय उठू नका.

लाइन अगदीच कमजोर असेल तर आधी कॅमेरा बंद करा. ओपस कोडेकला (आवाज आकुंचित करून पाठवणाऱ्या पद्धतीला) बोलण्यासाठी ३२ केबीपीएस (किलोबिट प्रतिसेकंद) पुरतात.

भूस्थिर उपग्रहावरून शिकवत असाल तर प्रश्न विचारून थोडं थांबा. उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंच असतो, प्रश्न जाऊन उत्तर यायलाच अर्धा सेकंद लागतो. २००४ साली सोडलेल्या एज्युसॅट या शैक्षणिक उपग्रहावरच्या वर्गांनाही हे अंतर चुकलं नव्हतं. मुलं गप्प आहेत असं समजून पुढे जाऊ नका.

आणि शिकवणाऱ्याचा लॅपटॉप वायफायवर नको. माझ्या पिशवीत पंधरा मीटरची लॅन केबल कायम असते.