आजोबांची स्मरणिका : वर्षश्राद्धाआधी काय जमवायचं, काय छापायचं

'कष्टाळू, कुटुंबवत्सल, मनमिळाऊ.' लालबाग-परळमधल्या कुठल्याही श्रद्धांजलीच्या बॅनरवर हे शब्द असतात, त्यामुळे त्यातून कुणा एकाचे आजोबा दिसत नाहीत. स्मरणिकेत हे शब्द अजिबात वापरायचे नाहीत असं आधीच ठरवून टाका. मग आजोबा नेमकं काय करायचे, हे शोधावंच लागतं. वर्षश्राद्धाला प्रत हातात हवी असेल तर तीन महिने आधी कामाला लागा.

सुरुवात कागदांपासून. आजोबा गिरणीत असतील आणि म्हाडाच्या (सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या) गिरणी कामगार घरासाठी घरच्यांनी अर्ज भरला असेल, तर निम्मं काम झालेलंच असतं. तिकीट नंबर (गिरणीतला कामगार क्रमांक), ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची पावती बहुधा त्याच फाईलमध्ये सापडते. जुनं रेशनकार्ड मात्र वेगळं शोधा. दहा बाय दहाच्या खोलीत कुठल्या साली कोण राहत होतं ते त्यावर दिसतं. गावाहून आलेल्या पुतण्याचं नाव चढलेलं, त्याला नोकरी लागून तो वेगळा झाल्यावर कमी झालेलं, मग मेहुण्याचं चढलेलं. एवढं एक पान नीट वाचून लिहिलं तरी माणूस उभा राहतो. जीर्ण कागदांना लॅमिनेशन करू नका. उष्णतेने शाई बिघडू शकते आणि प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. साध्या फोल्डरमध्ये ठेवा.

दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर तिच्यावर फार विसंबू नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने टाकलेली ती तारीख असू शकते. साल ठरवायला मोठ्या घटनांचा आधार घ्या. आजीला 'कुठल्या साली?' विचारलं तर ती गोंधळेल. 'संयुक्त महाराष्ट्र झाला तेव्हा बाबा पोटात होते की झाले होते?' याला तिच्याकडे उत्तर असतं. १ मे १९६०, कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), १९७२चा दुष्काळ, १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरण्यांचा संप, २६ जुलै २००५चा पाऊस, एवढ्या खुणा पुरतात.

बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं. पंखा बंद, रस्त्याकडची खिडकी बंद. पाऊण तासाच्या वर बसवू नका. 'आजोबा कसे होते?' विचारलं की 'फार चांगले होते' एवढंच मिळतं. त्याऐवजी असं विचारा: पगाराचं पाकीट कुणाच्या हातात द्यायचे? गावी मनीऑर्डर किती तारखेला जायची? रात्रपाळी करून आल्यावर एकाच खोलीत दिवसा झोपायचे कुठे? साचेखात्यात (कापड विणायच्या) होते की त्रासनात (सूत कातायच्या), बदलीवर, म्हणजे कायम न होता गैरहजर कामगाराच्या जागी, किती वर्षं काढली, किती साचे (माग) चालवायचे? साचेखात्याच्या आवाजाने कान गेले होते का, घरीही मोठ्याने बोलायचे का?

संपाची वर्षं गाळू नका. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. घर तेव्हा कशावर चाललं, कुणी भाजी विकली, कुणाचे दागिने मोडले, आजोबांचे कष्ट याच पानांत आहेत. दारू, कर्ज, भावकीचा वाद निघाला तर छापायचं की नाही ते आजीला विचारून ठरवा. रेकॉर्डिंग मात्र पुसू नका.

फोटोंचं काम नाजूक. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो निघत नसेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. मुंबईच्या दमटपणामुळे फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो सोडवायला गेलात तर चेहऱ्यावरचा थर काचेवरच राहतो. फ्लॅश बंद ठेवून काचेवरूनच फोटो काढा, प्रतिबिंब टाळायला मोबाईलच्या मागे काळं कापड धरा. स्कॅन करताना ४ बाय ६च्या फोटोला ६०० डीपीआय (स्कॅनचा बारकावा), पासपोर्ट साईझला १२००. मागच्या बाजूला नावं मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

छपाईला ए५ आकार, सेंटर पिन (मधोमध पिना मारलेली), त्यामुळे पानं चारच्या पटीत, १६ पुरेत. आत १३० जीएसएम (कागदाची जाडी) मॅट आर्ट, म्हणजे न चकाकणारा कागद, कव्हर २५०चं. ग्लॉसी कागद ट्यूबलाईटखाली चकाकतो, म्हाताऱ्यांना वाचता येत नाही. अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नको. तुमचा युनिकोड मजकूर छापखान्यात दुसऱ्या फॉन्टमध्ये बदलला की रफार आणि जोडाक्षरं तुटू शकतात, म्हणून शेवटचं प्रूफ कागदावर काढून वाचा. नावांचं पान मोठ्या आत्याकडून तपासून घ्या: सुना, जावई, नातसुना, सगळे. गळलेल्या एका नावाचा रुसवा स्मरणिकेपेक्षा जास्त टिकतो.