फ्लो सेन्सरच्या बाजारवाढीचे आकडे कसे तपासावेत

औद्योगिक फ्लो सेन्सरच्या (पाइपमधील द्रव किंवा वायूचा प्रवाह मोजणाऱ्या उपकरणांच्या) बाजारावरील दोन अहवाल शेजारी ठेवले, तर त्यांतील एकूण उलाढालीचे आकडे बहुधा जुळत नाहीत, आणि त्याचे कारण गणितापेक्षा व्याख्येतच अधिक वेळा सापडते. त्यामुळे वाढीच्या टक्केवारीकडे वळण्यापूर्वी अहवालात काय मोजले आहे ते पाहावे. केवळ सेन्सर धरला आहे की ट्रान्समीटरसह (सेन्सरचा संकेत पुढे पाठवणाऱ्या भागासह) संपूर्ण फ्लो मीटर, आणि वाहनांतील व वैद्यकीय उपकरणांतील लहान सेन्सरही त्यात आहेत का, हे स्पष्ट नसेल तर तो आकडा तुलनेसाठी घेऊ नये.

त्यानंतर आधारवर्ष तपासावे. समजा, १०० कोटींची बाजारपेठ मंदीच्या वर्षी ८० कोटींवर आली आणि पुढील ३ वर्षांत पुन्हा १०० कोटींवर पोहोचली. मंदीचे वर्ष आधार धरल्यास वार्षिक चक्रवाढ दर सुमारे ७.७ टक्के निघतो. प्रत्यक्षात बाजार होता तिथेच आला आहे.

खरी कसोटी तंत्रज्ञाननिहाय विभागणीची असते, आणि इथे भौतिकशास्त्राचा आधार घ्यावा. मॅग्नेटिक फ्लो मीटर फॅरडेच्या नियमावर (चुंबकीय क्षेत्रातून वाहक पदार्थ गेला की विद्युतदाब निर्माण होतो) चालत असल्याने त्याला विद्युतवाहक द्रव लागतो (साधारणपणे सेंटिमीटरला किमान ५ मायक्रोसीमेन्स). म्हणून त्याची मागणी पाणीपुरवठा, सांडपाणी आणि रसायन उद्योगांबरोबर वाढते. विद्युतवाहक नसलेल्या कच्च्या तेलाच्या किंवा वायूच्या मापनात त्याची मोठी वाढ दाखवणाऱ्या तक्त्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. ओरिफिस प्लेटमध्ये (पाइपमध्ये आडवी बसवलेली, छिद्र असलेली चकती) दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे प्रवाह १० टक्क्यांवर आला की हा फरक केवळ १ टक्का उरतो आणि मापन डळमळते. प्रवाह फार कमी-जास्त होणाऱ्या ठिकाणी अन्य मीटर तिची जागा घेतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. कोरिऑलिस मीटर वस्तुमान थेट मोजतो, पण महाग असतो. त्याचा वाटा वाढला की नगसंख्या स्थिर राहूनही उलाढाल फुगते. यासाठी रुपये आणि नग हे दोन्ही स्तंभ मागावेत. बाहेरून पाइपवर बसवायच्या अल्ट्रासॉनिक मीटरची विक्री मात्र नव्या प्रकल्पांशी जोडू नये, कारण पाइप न कापता आणि उत्पादन न थांबवता तो चालू कारखान्यातही बसतो.

‘स्मार्ट’ सेन्सरच्या वाढीबाबत थोडी सावधगिरी हवी. मापनाचा संकेत वाहणाऱ्या ४–२० मिलिअँपिअरच्या तारेवरूनच हार्ट प्रोटोकॉलद्वारे (माहिती पाठवण्याच्या ठरावीक पद्धतीने) उपकरणाच्या निदानाची माहिती पाठवणारी उपकरणे कित्येक वर्षे वापरात आहेत (ती माहिती वाचली जाते का, हा वेगळा विषय), त्यामुळे अहवालात त्यांनाही ‘स्मार्ट’ गटात टाकले असेल तर वाढ नवी ठरत नाही. खरोखरच नवे काय, हे पाहायचे असेल तर दोनच तारांवरून वीज आणि सेकंदाला १० मेगाबिट वेगाने डेटा देणाऱ्या इथरनेट-एपीएलच्या उपकरणांची मागणी वेगळी काढून मागावी.