एआय एजंटला ‘गिट डिफ’मध्ये बदल दिसत नसतील तर

महापेच्या आमच्या ऑफिसात एजंट ठामपणे सांगायचा, “फाइलमध्ये काहीच बदल नाही.” बदल तर समोर दिसत होते. प्रॉम्प्ट बदलला, मॉडेल बदललं, उपयोग शून्य. डोकं पार उठलं होतं.

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल आणि ‘गिट डिफ’ ही बदल दाखवणारी त्याची कमांड. नुसतं ‘गिट डिफ’ वर्किंग ट्री (डिस्कवरच्या सध्याच्या फाइल्स) आणि इंडेक्स (पुढच्या कमिटसाठी, म्हणजे कायमच्या नोंदीसाठी, बाजूला ठेवलेले म्हणजे ‘स्टेज’ केलेले बदल) यांचीच तुलना करतं. पूर्ण स्टेज केलेले बदल आणि ट्रॅक न झालेली, म्हणजे गिटच्या नोंदीत नसलेली, नवी फाइल त्यात येतच नाही.

एजंटच्या सूचनांच्या फाइलमध्ये आता हा क्रम लिहिलाय: आधी ‘गिट स्टेटस’, म्हणजे कोणत्या फाइल्स बदलल्या किंवा नव्या आहेत त्याची यादी. नवी फाइल दिसली तर तिच्या नावासह ‘गिट ॲड -एन’, एन कॅपिटल. मजकूर स्टेज होत नाही, फक्त नोंद होते. मग ‘गिट --नो-पेजर डिफ हेड’; हेड म्हणजे शेवटचा कमिट, त्याच्याशी तुलना केली की स्टेज केलेले बदलही दिसतात. नो-पेजर गाळू नका; पेजर म्हणजे लांब आउटपुट पानापानाने दाखवणारा प्रोग्राम. डिफ लांबलचक असला की टर्मिनल तळाशी कोलन दाखवून थांबतं आणि एजंट तिथेच अडकतो.